घर भाड्याचे, वस्ती आपली

'भाडेकरू' हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो, की त्याच्या पोटात दडलेली एक समजूत आपल्या ध्यानातही येत नाही. ती समजूत अशी की, महिन्याचे भाडे चुकते केले म्हणजे भाडेकरूचे कर्तव्य संपले. भिंतीला भेग पडली तर ती मालकाची, गटार तुंबले तर तेही मालकाचे. आणि मालक जर सरकार असेल तर मग बोलायलाच नको! सरकार म्हणजे कोणी तरी दूरचा समर्थ राव; तो केव्हा तरी येईल आणि करील, अशा आशेवर आपण बसून राहतो. आपल्या पूर्वजांनी मात्र 'गाव करी ते राव न करी' असे अनुभवाचे बोल सांगून ठेवले आहेत. आपल्या हुबळी-धारवाडात पुष्कळ कुटुंबे रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये, सरकारी खात्यांच्या वसाहतींत, अथवा मंडळांनी बांधलेल्या घरांत राहतात. अशा घरांत राहणाऱ्यांनी वस्तीच्या कारभारात लक्ष का घालावे, आणि कसे घालावे, ह्याचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे.

सामान्य माणसासाठी सरकारने घरे बांधावीत ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, आणि दाट, अंधाऱ्या, कोंदट वस्त्यांकडे सरकारचे लक्ष वेधले. त्यातून १८९८ साली 'इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला व त्याने बांधलेल्या चाळी 'बी. आय. टी. चाळी' म्हणून प्रसिद्धीस आल्या. पुढे १९२० साली, गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, 'डेव्हलपमेंट खाते' निघाले. कामगारवर्गासाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा त्या खात्याचा संकल्प होता. तो पूर्णपणे सिद्धीस गेला नाही. तथापि वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी या भागांत २०७ चाळी उभ्या राहिल्या. एकेका चाळीत तळमजला धरून चार मजले आणि ८० खोल्या. एका खोलीचे क्षेत्रफळ अवघे १६० चौरस फूट, आणि संडास मजल्यागणिक सामाईक. ह्याच त्या सुप्रसिद्ध 'बी. डी. डी. चाळी'.

आपला धारवाड जिल्हा त्या काळी मुंबई इलाख्यातच होता. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, मुंबई राज्याने गृहनिर्माण मंडळाचा कायदा केला, तेव्हाही आपण त्याच राज्याचे रहिवासी होतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन धारवाड जिल्हा म्हैसूर राज्यात आला. १९६२ साली हुबळी व धारवाड या जुळ्या नगरांची मिळून एक महानगरपालिका झाली, आणि १९७३ साली राज्याने झोपडपट्टी-सुधारणेचा कायदा केला. रेल्वेची गोष्ट ह्याहून जुनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सदर्न मराठा रेल्वेने हुबळीत आपला कारखाना घातला आणि त्याच्या आसऱ्याने कामगारांची वस्ती वाढत गेली. याप्रमाणे सरकारी वा निमसरकारी घरांत राहणे हे आपल्या शहरात काही नवीन नाही. आजोबांनी, वडिलांनी आणि नातवाने एकाच वसाहतीत दिवस काढले, अशी घराणीही येथे आढळतील.

आता बी. डी. डी. चाळींच्या इतिहासातील एक गोष्ट मननीय आहे. त्या बांधून झाल्या तेव्हा आरंभीच्या काही वर्षांत त्यांतल्या हजारो खोल्या रिकाम्या पडून होत्या. मुंबईत घरांची एवढी टंचाई असताना असे का व्हावे? पुष्कळ चाळी गिरण्यांपासून दूर होत्या, भाडे कामगारांना जड वाटत होते, आणि सिमेंटच्या त्या खोल्या त्यांना अंधाऱ्या व रुक्ष वाटत होत्या. ज्यांनी राहावयाचे त्यांना कोणी विचारलेच नव्हते! खोल्यांची संख्या कागदावर नेमकी होती. माणसाची गरज मात्र हिशेबात नव्हती. राहणाऱ्याला न विचारता बांधलेले घर भिंतींनी पुरे झाले तरी वस्ती म्हणून अपुरेच राहते, हा त्यातील पहिला धडा होय.

दुसरा धडा याच्या उलट बाजूचा आहे. त्याच रुक्ष चाळी पुढे माणसांनी गजबजल्या आणि त्यांनी मुंबईच्या सार्वजनिक जीवनाला केवढे तरी बळ दिले. १९११ साली ना. म. जोशी यांनी 'सोशल सर्व्हिस लीग' ही संस्था काढली व कामगारवस्तीत रात्रीच्या शाळा, वाचनालये व ग्रंथालये चालविली. डिलाइल रोडला आज त्यांचेच नाव आहे. परळच्या बी. आय. टी. चाळीतील दोन लहानशा खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कुटुंब १९१२ पासून १९३४ पर्यंत राहत होते. १९२७ चा महाडचा सत्याग्रह आणि १९३० ची गोलमेज परिषद ह्या घटना घडल्या त्या काळात बाबासाहेब हे त्या चाळीतील एक भाडेकरू होते! भाड्याची खोली माणसाला सार्वजनिक कार्यापासून अडवीत नाही, हे सांगण्यास याहून मोठे उदाहरण कोणते द्यावे?

चाळीतील माणसे एकत्र येण्याचे सर्वांत परिचित निमित्त म्हणजे उत्सव. १८९३ साली गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. ती चाळ सरकारी नव्हे, खाजगी. परंतु तेथील मंडळीही बहुतांशी भाडेकरूच होती. आपल्या हुबळीतही गणेशोत्सवाची परंपरा मोठी आहे. वर्गणी गोळा करणे, मंडप घालणे, रात्री जागून व्यवस्था ठेवणे, शेवटी हिशेब लावणे ही सर्व कामे आपले वडीलधारे आणि तरुण कोणाच्याही हुकुमावाचून करतात. म्हणजे एकत्र येण्याचे सामर्थ्य आपल्यात नाही असे मुळीच नाही. मग प्रश्न असा उत्पन्न होतो की, दहा दिवस दिसणारे हे सामर्थ्य अकराव्या दिवशी कोठे जाते? जो तरुण मंडपासाठी पहाटेपर्यंत जागतो, तोच तुंबलेल्या गटारावरून उडी मारून निमूटपणे का जातो?

याचे कारण समजून घेण्यासाठी वसाहतीतील वस्तूंचे तीन भाग पाडून पाहू. पहिला भाग घराच्या आतला, म्हणजे चूल, मोरी, देवघर यांचा. तेथे प्रत्येक गृहिणी दक्ष असते. दुसरा भाग उघडच सरकारचा, म्हणजे मोठा रस्ता, पाण्याची मुख्य वाहिनी, विजेच्या तारा यांचा. तेथे खात्याची माणसे नेमलेली असतात. या दोहोंच्या मध्ये तिसरा भाग येतो. जिना, त्यातील दिवा, सार्वजनिक नळ, त्याभोवतीचे चिखलाचे डबके, गच्चीवरील टाकी, मुलांच्या खेळाची मोकळी जागा हे सारे त्या तिसऱ्या भागात मोडते. घरातील माणसे म्हणतात, 'ते सरकारचे'. सरकारी माणूस म्हणतो, 'ते राहणाऱ्यांनी पाहावे'. दोघांच्या बोलण्यात थोडे थोडे तथ्य असल्यामुळे वस्तू मात्र बेवारशी होते. वसाहतीची अवकळा सुरू होते ती बहुधा या मधल्या भागापासूनच. आणि तिचे परिणाम किरकोळ नसतात. डबक्यात डास होतात, डासांमागून ताप येतो; अंधाऱ्या जिन्यावरून म्हातारे माणूस पडते; मुलींना संध्याकाळी बाहेर पडण्याचे भय वाटू लागते.

आम्हां कोकणी बोलणाऱ्यांच्या मुलखातील एक उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. गोव्यात खाडीकाठी 'खाजण' जमिनी आहेत. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून तेथे मातीचे लांबलचक बांध घातलेले असतात. बांध कोणा एकाचा नाही. परंतु त्याला खिंडार पडले तर पाणी एकाच्या शेतात थांबत नाही, साऱ्या गावाचे पीक जाते. म्हणून बांधाची निगा हा सर्वांचा विषय मानून गावकरी संस्थेने त्याची व्यवस्था लावून दिलेली असे. तेथे प्रत्येकाच्या मनाच्या चांगुलपणावर भिस्त नव्हती. त्यासाठी नेम होता, माणूस होता आणि खर्चाची तरतूद होती. आपल्या वसाहतीतील नळ आणि जिना हेही असेच बांध होत. त्यांना हळहळ पुरत नाही, व्यवस्था लागते.

तर मग लोक पुढे का येत नाहीत? त्यांना आळशी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते न्यायाचे नाही. दिवसभर कारखान्यात राबून आलेल्या माणसाला सभेला बसण्याचे त्राण नसते. पूर्वी एकदोन वेळा अर्ज करून काही निष्पन्न झाले नाही, त्यामुळे मन विटलेले असते. काहींना भीती वाटते की, फार बोललो तर घर जाईल. स्त्रियांना तर बहुधा कोणी बोलावीतच नाही. वास्तविक पाणी, स्वच्छता आणि मुले यांचा सर्वाधिक अनुभव त्यांनाच असतो. आणि आपल्या शहरात आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. एकाच आवारात कन्नड, मराठी, उर्दू, तेलुगू, कोकणी बोलणारी बिऱ्हाडे राहतात. सूचना लागते ती कन्नडमध्ये, आणि जुन्या पिढीतील कित्येकांना ती वाचता येत नाही. न वाचता आलेल्या सूचनेचे पालन कसे व्हावे, आणि न समजलेल्या सभेत कोणी काय बोलावे? लोकांना सहभागी करून घ्यावयाचे असेल तर उपदेश करण्यापूर्वी या अडचणी दूर केल्या पाहिजेत.

आता उपाय पाहू. कल्पना करा की, एका आवारात अठ्ठेचाळीस बिऱ्हाडे आहेत आणि पाण्याची ओरड आहे. हुबळी-धारवाडला मलप्रभेचे पाणी सौंदत्तीच्या जलाशयातून येते. आणि पुष्कळ भागांत ते रोज न येता काही दिवसांच्या अंतराने येत आलेले आहे. अशा ठिकाणी 'वसाहतीची सर्वांगीण उन्नती' असा भव्य विषय घेऊन सभा भरविली तर चार माणसे येतील. परंतु 'नळाची फुटलेली तोटी केव्हा बदलावयाची?' एवढाच विषय ठेवला तर चाळीस येतील. म्हणून आरंभ एका लहान, निश्चित आणि सर्वांना जाचणाऱ्या गोष्टीपासून करावा. सभेची वेळ बायकांना विचारून ठरवावी; पाणी येण्याच्या दिवशी ती कदापि ठेवू नये. बोलणे कन्नड व मराठी अशा दोन्ही भाषांत व्हावे. जे ठरेल ते वहीत लिहावे, आणि कोणी काय करावयाचे व केव्हापर्यंत, हे नावानिशी नोंदवावे.

खात्याकडे जावयाचे ते तोंडी गाऱ्हाणे घेऊन नव्हे, तर लेखी अर्ज घेऊन. त्यावर शक्य तितक्या बिऱ्हाडांच्या सह्या असाव्यात. एकट्याच्या अर्जाला भीती असते, अठ्ठेचाळिसांच्या अर्जाला नसते. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी आणि ती जपून ठेवावी. वर्गणी गोळा केली तर पै-पैचा हिशेब फलकावर लावावा. संस्था मोडतात त्या पैशाच्या अभावापेक्षा हिशेबाच्या अंधारामुळेच अधिक. आणि तोटी बदलून झाली की 'हे काम आपण केले' असे सर्वांना सांगावे. एका लहान यशाने दुसऱ्या कामाला माणसे मिळतात.

याच्या पुढची पायरी कायद्यानेच घालून दिली आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जी १९९३ साली अमलात आली, तीन लाख वा त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. कर्नाटकाच्या महानगरपालिका कायद्यातही प्रभाग समितीत नगरसेवकाबरोबर नागरिकांना, त्यांत स्त्रियांना आणि रहिवाशांच्या संघांच्या प्रतिनिधींना, स्थान दिले आहे. तेथे घरमालक व भाडेकरू असा भेद नाही. परंतु कायद्याने मांडलेल्या खुर्चीवर आपण होऊन जाऊन बसावे लागते.

संघटनेचे फळ किती मोठे असू शकते हे पाहावयास फार दूर जावयास नको. हुबळीहून रेल्वेने सोलापूर फार लांब नाही. तेथील विडी कामगार स्त्रिया, ज्यांतल्या पुष्कळ तेलुगूभाषक आहेत, वर्षानुवर्षे भाड्याच्या कोंदट खोल्यांत राहून विड्या वळीत असत. कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली त्या संघटित झाल्या, त्यांनी मोर्चे काढले, सहकारी संस्था केली. परिणामी कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ साली ती त्यांच्या हाती आली. त्याच गावी पुढे तीस हजार घरांची 'रे नगर' योजना निघाली व तिच्यातील पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये असंघटित कामगारांना मिळाली. येथे क्रम ध्यानात घ्या. आधी माणसे एकत्र आली, मग घरे झाली.

परदेशांतही हाच प्रश्न वेगवेगळ्या रीतींनी सोडविण्याचे प्रयत्न झाले. १८६५ साली लंडनमध्ये ऑक्टेव्हिया हिल नावाच्या बाईंनी, जॉन रस्किन यांच्या द्रव्यसाहाय्याने, गरिबांची तीन घरे चालविण्यास घेतली. त्या भाडे वेळेवर घेत. परंतु दुरुस्तीसाठी ठराविक रक्कम बाजूला ठेवून तिच्यातून जे उरेल ते भाडेकरू सांगतील त्या सुधारणेवर खर्च करीत. साहजिकच भाडेकरू मोडतोड होऊ न देण्याची काळजी घेऊ लागले. मात्र सर्व सूत्रे बाईंच्याच हाती होती, ही त्या पद्धतीची मर्यादा होय. डेन्मार्कमध्ये याच्या पुढे जाऊन प्रत्येक वसाहतीतील रहिवाशांची सभा आपल्या वसाहतीचा वार्षिक अंदाजपत्रक मंजूर करते. तेथे भाडेकरू हा नुसता गाऱ्हाणे सांगणारा नाही, कारभारी आहे.

आणि आता एक दुःखद उदाहरण. लंडनमधील ग्रेनफेल टॉवर ही चोवीस मजल्यांची सार्वजनिक मालकीची इमारत. आगीचा धोका आहे, कोणी ऐकत नाही, असे तेथील रहिवाशांच्या एका गटाने २०१६ च्या नोव्हेंबरातच जाहीरपणे लिहून ठेवले होते. १४ जून २०१७ च्या रात्री त्या इमारतीला आग लागली आणि ७२ माणसे मृत्युमुखी पडली. २०२४ साली चौकशीचा अंतिम अहवाल प्रसिद्ध झाला. हे सर्व मृत्यू टळण्यासारखे होते, असा त्याचा निष्कर्ष आहे. तत्पूर्वी २०२३ साली तेथे नवा कायदा होऊन भाडेकरूंच्या तक्रारींची दखल घेण्याचे बंधन घरमालक संस्थांवर अधिक कडक करण्यात आले. या घटनेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. तेथील रहिवासी बोलले नाहीत असे नव्हे. ते बोलले, पण ऐकणारा कान नव्हता. म्हणून 'लोकांनी सहभागी व्हावे' असे जो अधिकारी म्हणतो, त्याने प्रथम लोकांच्या अर्जाला उत्तर देण्याची सवय लावून घेतली पाहिजे. टाळी दोन हातांनी वाजते. रहिवाशांनी बोलावे हे त्यांचे कर्तव्य. मालकाने ऐकावे आणि केले ते कळवावे, हे त्याचे.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही म्हणाल, 'हे सारे मोठ्यांचे झाले. आम्ही काय करावे?' तुमच्याजवळ अशी एक गोष्ट आहे जी तुमच्या वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळांजवळ नाही. तुम्ही शाळेत मराठी शिकता, कन्नडही शिकता, आणि अंगणात आणखी एखादी भाषा खेळता खेळता उचलता. जिन्यापाशी लागलेली कन्नड सूचना शेजारच्या आजींना मराठीत वाचून दाखविणे, हे लहान काम नव्हे. जो माणूस सूचना समजतो तो सभेला येतो, आणि जो सभेला येतो तो हळूहळू बोलू लागतो. सभेचे इतिवृत्त स्वच्छ अक्षरात लिहिणे, अर्जाचा मसुदा करणे, पाणी येण्याच्या दिवसांचा तक्ता फलकावर मांडणे, ही कामे दहावीच्या विद्यार्थ्याला सहज साधण्यासारखी आहेत. निबंधाच्या वहीत 'माझी वस्ती' या विषयावर आपण सुंदर वाक्ये लिहितो. त्याच लेखणीने एकदा नळाच्या तोटीसाठी अर्ज लिहून पाहावा. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील पुष्कळ धडे त्या एका अर्जात आपोआप समजतील.

बी. डी. डी. चाळी आता हळूहळू पाडल्या जात आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या काही रहिवाशांना १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि जुन्या चाळीत एकाचे दार दुसऱ्याच्या दारासमोर उघडत असे, आणि शेजाऱ्याचे सुखदुःख न विचारता कळत असे. उंच इमारतीत ते आपोआप कळणार नाही. त्यासाठी मुद्दाम एकत्र यावे लागेल. आपल्या शहरातही जुन्या वसाहती जातील, नव्या उभ्या राहतील. घरे बांधण्याचे काम मंडळे करोत, रेल्वे करो, सरकार करो. त्या घरांची वस्ती करण्याचे काम मात्र तेथे राहणाऱ्यांचे आहे, आणि ते पुढल्या महिन्याच्या भाड्याबरोबर चुकते करता येण्यासारखे नाही.